साठीनंतरचा दिनक्रम: मन रमेल असा कसा बसवायचा?

चाफा:
निवृत्तीनंतर पहाटे पाचला जाग, मग पेपर, टीव्ही, दुपारी दीड-दोन तास झोप आणि रात्री डोळ्याला डोळा नाही, असं बऱ्याच ज्येष्ठांचं होतं. तासातासाचं वेळापत्रक केलं तर आठवड्यात बारगळतं. किती गोष्टी ठरवाव्यात, कधी कराव्यात, आणि त्या नुसत्या उरकल्या न जाता त्यांत मन कसं लागेल? गुडघे दुखणाऱ्यांचाही विचार करून सांगा.

दिवेलागण:
वेळापत्रक तासांना बांधलेलं असतं म्हणून बारगळतं. एक काम लांबलं की पुढची सगळी ढकलली जातात आणि संध्याकाळी रुखरुख उरते. तीनच वेळा पक्क्या ठेवा: उठण्याची, दुपारच्या जेवणाची, संध्याकाळी घराबाहेर पडण्याची. मधला वेळ मोकळा सोडा. नवी सवय घड्याळाऐवजी रोजच्या कामाला जोडा. दात घासून झाले की कुंड्यांना पाणी, जेवणानंतरची आवराआवर झाली की एक फोन. एका वेळी एकच सवय, ती बसली की दुसरी. घाई नको. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मध्यक (निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त असा मधला आकडा) ६६ होता, पण माणसागणिक हा आकडा १८ पासून २५४ पर्यंत गेला. एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं.

पहाटवारा:
झोपेचं आधी बघा, ती बिघडली की दिवसभर कशातच गोडी वाटत नाही. वयानुसार शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, त्यामुळे संध्याकाळी लवकर पेंग येते आणि पहाटे लवकर जाग. अशा वेळी पहाटेच उजेडात फिरायला गेलं तर ते घड्याळ आणखी पुढे जातं. म्हणून फार लवकर जाग येणाऱ्यांनी फिरणं मावळतीआधीच्या उजेडात ठेवावं. दुपारची झोप २० ते ३० मिनिटं, तीनच्या आत, गजर लावून. त्याहून लांबली तर गाढ झोप लागते, उठल्यावर डोकं जड होतं आणि रात्रीची झोप तिथेच खर्च होते.
अंथरुणातून उठताना मिनिटभर कडेला बसावं. एकदम उभं राहिलं की रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते.

शाईपेन:
मन लागण्याबद्दल. रोज तेच तसंच केलं की मन त्याला सरावतं आणि गोडी जाते. म्हणून काम तेच ठेवा, त्यात बघण्यासारखं काही बदलतं ठेवा. कुंड्यांना पाणी घालताना काल नव्हतं असं काय दिसलं, ते दोन ओळींत वहीत लिहा. कोवळं पान, कीड, सुकलेली माती, काहीही चालेल. हुरूप येण्याची वाट बघू नये. पाच मिनिटं सुरुवात करावी, हुरूप बहुतेकदा मागून येतो.
घरच्यांनाही एक कळकळीची विनंती: 'तुम्ही बसा, आम्ही करतो' म्हणून हातातली सगळी कामं काढून घेऊ नका. बिलांचा हिशेब किंवा कपड्यांच्या घड्या, एक काम पूर्ण त्यांच्याकडे असू द्या. त्यात चुका काढत बसू नका.
मात्र दोन आठवडे कशातच रस नाही, भूक-झोप बदलली आहे असं दिसलं तर दिनक्रमाचे प्रयोग थांबवून डॉक्टरांना दाखवा.

दिवेलागण:
गुडघ्यांचं राहिलं. जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम हालचाल आणि तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायाम सुचवते. चालणं दहा-दहा मिनिटांत तोडलं तरी चालतं. घरात खुर्चीवरून उठबस करा. खुर्ची भिंतीला टेकवलेली आणि बिनचाकांची हवी. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या, पुढे झुकून उठा आणि सावकाश बसा. धपकन बसलं की मांडीचे स्नायू कामच करत नाहीत. सुरुवात पाच वेळांनी. दुखत असेल तर खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करा, गुडघ्यावरचा भार कमी होतो.