'इल्लीगल बट लेजिटिमेट'ला मराठीत काय म्हणाल?

अर्धविराम
एका लेखाचं भाषांतर करताना अडलोय. १९९९ साली नाटोने सुरक्षा परिषदेची परवानगी नसताना कोसोवोच्या प्रश्नावरून युगोस्लाव्हियावर ७८ दिवस बॉम्बफेक केली. पुढच्या वर्षी एका स्वतंत्र आयोगाने (गोल्डस्टोन आणि थाम हे त्याचे अध्यक्ष) अहवाल दिला आणि त्या मोहिमेला 'इल्लीगल बट लेजिटिमेट' ठरवलं. माझ्याकडच्या कोशात दोन्हींसमोर 'वैध, कायदेशीर' एवढंच आहे. त्यामुळे माझं वाक्य असं झालंय: 'ही मोहीम अवैध पण वैध होती.' उद्या दुपारपर्यंत लेख द्यायचाय. वाचवा.

जुनी पाटी
'बेकायदा पण रास्त'. झालं काम.

पोटकलम
इतकं सोपं नाही हो. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतल्या कलम २(४)ने बळाचा वापर मना केलाय. अपवाद दोनच: कलम ५१चं स्वसंरक्षण, नाहीतर सुरक्षा परिषदेची परवानगी. कोसोवोत दोन्ही नव्हतं, म्हणून बेकायदा. पण वाटाघाटींचे सगळे मार्ग खुंटले होते आणि तिथल्या बहुसंख्य अल्बेनियनांची जाचातून सुटका झाली, म्हणून लेजिटिमेट. 'रास्त' म्हटलं की मागणी आठवते, भाव आठवतो. मी 'समर्थनीय' लिहीन.

टाचणी
वकिलाला काय समर्थनीय नसतं? लेजिटिमेटला आपल्याकडे घरचा शब्द आहे. औरस.

बाराखडी
औरस बॉम्बफेक! अर्धविराम, खरंच लिहा, संपादकांचा चेहरा बघायला मजा येईल.
बाकी कोशकारांवर उगाच रागावू नका. लीगल आणि लेजिटिमेट ही दोन्ही एकाच लॅटिन 'लेक्स'ची लेकरं, म्हणजे कायद्याचीच. पुढे धाकट्याने घर सोडलं. आणि 'रास्त' फारसी आहे. 'न्याय्य' असताना उसनवारी कशाला?

जुनी पाटी
'कायदा' अरबी, 'बे' फारसी. मग तेही काढा. 'विधिबाह्य परंतु न्याय्य' छापा, वाचक पान उलटून खेळाच्या बातम्यांकडे जाईल. रास्त मूळचा फारसी असेल, आता तो मराठीच आहे. तुमच्याआधीपासून इथे राहतोय.

मुद्रितवाचक
१९९९चा विषय निघाला म्हणून सांगतो. मी तेव्हा एका दैनिकात मुद्रितं तपासायचो. बॉम्बफेक सुरू झाली त्या रात्री मथळा आला 'नाटोचा हस्तक्षेप'. वृत्तसंपादकांनी लाल पेनाने 'हस्तक्षेप' खोडून 'हल्ला' केलं. शेवटच्या आवृत्तीचं पान हातात आलं तर त्यावर 'नाटोची कारवाई'. मी विचारलं, हे कुणी केलं? उपसंपादक शांतपणे म्हणाला, "हल्ला शत्रू करतो, कारवाई सरकार करतं. आणि 'मानवतावादी हस्तक्षेप' तीन कॉलमांत मावत नाही."
तिसरं कारणच खरं होतं, असं मला आजही वाटतं.

टाचणी
कारण दोनच सांगितलीत, मुद्रितवाचक.

उंटावरून
मुळात 'हस्तक्षेप'च चुकलाय. इंटरव्हेन्शन म्हणजे शब्दशः मध्ये येणं. मराठीत भांडणात आपण 'मध्ये पडतो'. हस्तक्षेपात हात घालणं आलं, आणि हात घालणाऱ्याकडे मराठी माणूस संशयानेच बघतो. आमच्या घरात तर सरळ 'लुडबुड' म्हणायचे.

बाराखडी
फ्रेंचांनी तर संशय लपवलेलाच नाही. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सच्या संस्थापकांपैकी एक, बर्नार कुशनेर, यांनी ज्या हक्काचा पुरस्कार केला त्याला फ्रेंचमध्ये जो शब्द आहे त्याचा अर्थ जवळजवळ 'ढवळाढवळीचा हक्क' असाच होतो. कॅनडाच्या पुढाकाराने नेमलेल्या आयोगाने मग २००१च्या अहवालात 'हक्क' शब्दच बदलला आणि 'संरक्षणाची जबाबदारी' आणली.

पोटकलम
आणि २००५च्या जागतिक शिखर परिषदेने ती मान्य केली, पण लष्करी बळ वापरायचं तर सुरक्षा परिषदेमार्फत, तेही प्रकरण पाहून. म्हणजे शब्द नवा, दार जुनंच.

खडूफळा
'मानवतावादी'वर कुणीच बोललं नाही? मानवतावाद म्हणजे ह्यूमॅनिझम. मला मानवतावादी म्हटलं की मानवेंद्रनाथ रॉय आठवतात, लढाऊ विमानं नाही. ह्यूमॅनिटेरियनला 'मानवीय' हवं. शिवाय 'आंतरराष्ट्रीय मानवतावादी कायदा' नावाचा जो कायदा आहे तो युद्धात कसं वागायचं ते सांगतो, युद्ध सुरू करावं की नाही यावर गप्प आहे. माझे विद्यार्थी दरवर्षी लिहितात, 'मानवतावादी हस्तक्षेपाला मानवतावादी कायद्याची परवानगी आहे.' नाव सारखं म्हणून! दरवर्षी दोन गुण कापते.

उंटावरून
'मानवीय' म्हणजे तर ह्यूमन. मानवीय चूक, मानवीय हस्तक्षेप. वाचणाऱ्याला वाटेल यंत्र बंद पडलं आणि माणूस आला.

जुनी पाटी
१९७१ला काय म्हणता? तेव्हा मी शाळेत होतो. एक कोटीच्या आसपास निर्वासित आले होते. 'हस्तक्षेप' हा शब्द एकदाही कानावर आला नाही. मुक्ती, मुक्तिवाहिनी, मुक्तिसंग्राम. आपण केलं की मुक्ती!

पोटकलम
त्यातही ३ डिसेंबरला पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर हल्ले केल्यावर भारताने मुख्य आधार स्वसंरक्षणाचाच धरला. व्हिएतनामने १९७९च्या जानेवारीत कंबोडियातल्या ख्मेर रूज या क्रूर राजवटीला हटवलं, तर त्याला आक्रमण म्हणाले आणि संयुक्त राष्ट्रांतली कंबोडियाची खुर्ची पुढे कित्येक वर्षं ख्मेर रूजच्याच बाजूकडे राहिली. हे बेकायदा की बेरास्त, ते बाराखडींनी ठरवावं.

बाराखडी
'बेरास्त' असा शब्द नाही.

खडूफळा
हस्तक्षेप न करण्याला मात्र आपल्याकडे नेमका शब्द आहे: 'बघ्याची भूमिका'. १९९४च्या एप्रिलमध्ये रवांडात कत्तल सुरू असताना सुरक्षा परिषदेने तिथलं सुमारे २,५०० जणांचं शांतिदल २७०वर आणायचं ठरवलं. शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. त्यात सनदेचा भंग कुणी केला म्हणायचं? कायदेशीर पण काय, याला शब्द द्या आधी.

टाचणी
...यावर मला विनोद सुचत नाही.

अर्धविराम
खडूफळाताई, हेच उलटं टोक माझ्या लेखात पुढे आहे. लिबिया, २०११, ठराव १९७३. त्यात 'बळ' म्हटलेलं नाही, 'ऑल नेसेसरी मेझर्स' आहे. मी 'आवश्यक ते सर्व उपाय' केलंय. वाचून वाटतं साथ पसरलीय आणि लस येणार आहे.

पोटकलम
उपायच ठेवा, इंग्रजीतही तो शब्द तसाच सोज्वळ आहे. दहा मतं बाजूने, भारतासह पाच तटस्थ. नागरिकांच्या संरक्षणापुरती परवानगी, परकीय सैन्याने ताबा घ्यायचा नाही हेही त्यात लिहिलेलं. ऑक्टोबरात गद्दाफी मारला गेला आणि देश पुढे यादवीत गेला. म्हणजे हे प्रकरण निदान सुरुवातीला तरी कायदेशीर होतं. गद्दाफीच्या फौजांपासून बेनगाझी शहर वाचलं म्हणून ते 'परिणामकारक' म्हणायचं का, तर परिणाम झालाच की!

मुद्रितवाचक
मघाशी 'तिसरं' चुकून लिहिलं, दुसरं. पण एक विचारू? मथळ्यात 'कारवाई' बरोबर की 'कार्यवाही'? तेव्हाही वाद झाला होता.

उंटावरून
कारवाई कुणाविरुद्ध होते, कार्यवाही कशाची तरी होते. ठरावाची कार्यवाही, गद्दाफीविरुद्ध कारवाई.

बाराखडी
कारवाई हिंदीतून आलीय. शुद्ध मराठीत...

जुनी पाटी
आली पुन्हा शुद्धी.

अर्धविराम
अहो, माझ्या वाक्याचं काय? रास्त, समर्थनीय, न्याय्य, ग्राह्य?

पोटकलम
'ग्राह्य' कुणी सुचवला?

अर्धविराम
मीच, आत्ता.

पोटकलम
वाईट नाही. पण कोर्टात ग्राह्य पुरावा असतो, त्यामुळे तोही कायद्याकडेच ओढतो. आणखी एक अडचण. आयोगाचं म्हणणं होतं की कायदेशीर आणि लेजिटिमेट यांत असं अंतर राहणं बरं नाही, ते मिटवायला हवं. तेव्हा दोन्ही शब्द एकमेकांचे नातेवाईक वाटले पाहिजेत.

टाचणी
म्हणून म्हणत होतो, औरस.

बाराखडी
कारवाईचं माझं अर्धं राहिलं होतं. 'कारवाई' फारसी 'कार'वरून, आणि 'कार्यवाही'त संस्कृत 'कार्य'...