'एम्प्टी' या शब्दाचा मूळ अर्थ आणि त्यात शिरलेला 'प'

जुनीपाटी:
'एम्प्टी' हा इंग्रजी शब्द बाटली, खुर्ची, डबा, रस्ता अशा कशाहीबद्दल सर्रास वापरला जातो. शब्दकोशात त्याची व्युत्पत्ती पाहिली, तेव्हा जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ 'फुरसत असलेला, हाती काम नसलेला' असा दिलेला आढळला. शिवाय त्या जुन्या रूपात 'प' हे अक्षर मुळीच नाही. फुरसत असलेल्या माणसापासून हा शब्द रिकाम्या भांड्यापर्यंत कसा पोहोचला आणि मुळात नसलेला 'प' कोठून आला? 'व्हॉइड' आणि 'व्हेकन्ट' हे शब्द याच कुळातले आहेत का, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.

देवराई:
'प'चे उत्तर आधी देतो, कारण ते आपल्या तोंडातच सापडते. जुन्या इंग्रजीतील 'ॲमेत्तिग' या रूपातला मधला स्वर गळाला आणि 'म'ला 'त' येऊन भिडला. 'म' उच्चारताना ओठ मिटलेले असतात आणि हवा नाकावाटे जाते. 'त'साठी मात्र नाकाची वाट बंद व्हावी लागते आणि ओठ उघडावे लागतात. नाकाची वाट किंचित आधी बंद झाली आणि ओठ अजून मिटलेलेच असले, तर कोणी न ठरवता 'प' उमटतो. पुढे तो लेखनातही रुळला. बोलताना अनेक इंग्रजीभाषक तो आजही गाळतात. 'थॉम्पसन' या आडनावातला 'प' असाच आला आहे.

हा प्रकार आपल्याला नवा नाही. संस्कृत 'आम्र' आणि 'ताम्र' यांमधील 'म' आणि 'र' यांच्या मध्ये 'ब' शिरला, नंतर 'र' निघून गेला आणि आपल्याला 'आंबा' व 'तांबे' मिळाले. त्यामुळे या 'प'ला अशुद्ध म्हणायचे असेल, तर आंब्यालाही म्हणावे लागेल.

सांजवारा:
अर्थाबद्दल लिहिते. 'ॲमेत्ता' म्हणजे फुरसत. एका मतानुसार या शब्दाचा पूर्वभाग नकारार्थी असून उत्तरभागाचे नाते 'मस्ट' या क्रियापदाशी आहे. म्हणजे ज्याच्यावर कसलीही सक्ती नाही, तो 'ॲमेत्तिग'. अविवाहित माणसालाही हा शब्द लावला जात असे. जर्मनमधील 'लेडिश' या शब्दाचा आजचा अर्थ अविवाहित असाच आहे, तर स्वीडिशमध्ये त्याचाच भाऊबंद मोकळ्या वेळेला आणि मोकळ्या जागेला चालतो. माणूस असो, वेळ असो की जागा, ती कोणी वा कशाने अडवलेली नाही, एवढाच या सगळ्यांतला समान धागा आहे. मराठी वाचकाला तो वेगळा समजावून सांगायची गरज नाही, कारण 'रिकामी घागर' आणि भिंतीला तुंबड्या लावणारा 'रिकामा न्हावी' आपण एकाच विशेषणाने ओळखतो.

मला अधिक रोचक वाटते ते 'आयडल' या शब्दाचे. आज त्याचा अर्थ आळशी किंवा काम न करणारा असा असला, तरी जुन्या इंग्रजीत 'ईडेल' म्हणजे रिकामे, पोकळ, व्यर्थ. दहाव्या शतकाच्या अखेरीस ॲल्फ्रिक या धर्मगुरूने बायबलमधील उत्पत्तीच्या कथेचे भाषांतर केले, तेव्हा आरंभीची पृथ्वी त्याने 'ईडेल' आणि 'ॲम्तिग' होती असे लिहिले. आजच्या अर्थांनी वाचल्यास ती पृथ्वी आळशी आणि रिकामी होती असे होईल! फुरसतीचा शब्द पोकळीकडे गेला आणि पोकळीचा शब्द फुरसतीकडे. दोघांनी जणू जागा बदलल्या. 'आयडल थ्रेट' म्हणजे पोकळ धमकी, यात जुना अर्थ अजून तग धरून आहे.

जुनीपाटी:
दोघांचेही आभार. पण म्हणजे एके काळी 'ॲमेत्तिग' भांड्याला लागतच नव्हता, असे समजायचे का?

कोकणकडा:
तसे समजू नये. ॲल्फ्रिकच्या वाक्यातच तो पृथ्वीला लावलेला आहे, म्हणजे 'आत काही नसलेले' हा अर्थ त्या काळी होताच. जागा बदलल्या ही मांडणी आकर्षक असली, तरी थोडी जास्तच नीटनेटकी आहे. दोन्ही शब्दांच्या अर्थांची कक्षा बराच काळ एकमेकींवर पडत होती आणि नंतर प्रत्येकाची एक बाजू झिजली, असे म्हणणे अधिक योग्य होईल.

'व्हॉइड' आणि 'व्हेकन्ट' यांचे कूळ मात्र निराळे, लॅटिन आहे. 'वाकारे' म्हणजे रिकामे असणे आणि मोकळे असणेही. म्हणून 'व्हॅक्यूम' आणि 'व्हेकेशन' सख्खे आहेत. 'व्हॉइड' फ्रेंचमार्गे आला आणि 'अव्हॉइड'चा जुना अर्थही 'रिकामे करणे' असाच होता. वर सांगितलेल्या वाक्यात लॅटिन बायबलने पृथ्वीला 'इनानिस' आणि 'वाकुआ' म्हटले आहे, तर 1611च्या इंग्रजी भाषांतरात तेथे 'व्हॉइड' आहे. आपल्या 1872च्या करार कायद्यातला 'व्हॉइड'ही हाच शब्द असून, जो ठराव कायद्याने बजावता येत नाही त्याला तेथे तो लावलेला आहे.