गेमचा डेटा एक्सएमएलमध्ये ठेवावा का?

कोरी पाटी (धागालेखक)
गेममधील शस्त्रे, शत्रू, इमारती यांची माहिती कोडमध्ये न कोंबता एक्सएमएल, म्हणजे टॅग नावाच्या खुणांमध्ये माहिती मांडणाऱ्या मजकूर फायलींत ठेवावी, असे माझे ठाम मत आहे. हे स्वरूप १९९८ सालचे असल्याने ते कालबाह्य झाले, आता सगळे जेसनमध्ये (माहिती मांडायच्या दुसऱ्या मजकूर स्वरूपात) लिहा, असा सल्ला नवोदितांना सर्रास दिला जातो आणि तो मला पटत नाही. ‘रिमवर्ल्ड’ या गेममध्ये मॉड (खेळाडूंनी केलेला बदल) लिहिणारा मूळ फायलीला हात न लावता, एक्सपाथच्या (एक्सएमएलमधील घटकाचा पत्ता सांगणाऱ्या भाषेच्या) साहाय्याने नेमका हवा तो घटक गाठून त्यातील एखादा आकडा बदलू शकतो. शिवाय त्या आकड्याशेजारीच तो का बदलला याची टिप्पणी लिहिता येते. प्रमाणित जेसनमध्ये टिप्पणीची सोयच नाही.

शून्यांश
टिप्पणीचा मुद्दा मान्य, पण मूळ अडचण वेगळीच आहे. एक्सएमएलमध्ये लिहिलेले प्रत्येक मूल्य म्हणजे नुसता मजकूर असतो. शत्रूचा वेग ‘1.5’ लिहिला आणि सी शार्प या प्रोग्रामिंग भाषेत तो साध्या पद्धतीने वाचला, तर जर्मन प्रादेशिक मांडणी निवडलेल्या संगणकावर बिंदू हे हजारांचे विभाजक चिन्ह ठरते आणि तोच वेग 15 होतो. चूक कुठेही दाखवली जात नाही. शत्रू मात्र दहापट वेगाने धावू लागतो. जेसनमध्ये संख्या ही संख्या म्हणूनच लिहिली जाते आणि तिचे वाचकही संगणकाच्या भाषेवर अवलंबून राहत नाहीत.

कोरी पाटी
हा दोष स्वरूपाचा नसून वाचणाऱ्या कोडचा आहे. डॉट नेटमध्ये (सी शार्प ज्यावर चालते त्या व्यासपीठात) एक्सएमएलसाठी दिलेली रूपांतराची फंक्शने प्रादेशिक मांडणी विचारात घेतच नाहीत, तीच वापरावीत. त्याच्या जोडीला एक्सएसडी स्कीमा (फायलीत कुठे काय चालेल याची नियमावली) असेल, तर वेगाच्या जागी चुकून शब्द लिहिला गेल्यास तो गेम सुरू होण्याआधीच पकडला जातो.

तंत्रवेल्हाळ
आपण दोघेही माणसाने लिहिलेल्या डेटाबद्दलच बोलत आहात. खेळाडूची प्रगती जपणाऱ्या फायली यंत्र लिहिते आणि यंत्रच वाचते. तेथे प्रत्येक वस्तूसाठी सुरुवातीचा व शेवटचा टॅग लिहिल्याने फाईल विनाकारण फुगते, आणि डॉमने, म्हणजे अख्खी फाईल एकदम वाचण्याच्या पद्धतीने, वाचल्यास सर्व घटकांचा संपूर्ण वृक्ष मेमरीत उभा राहतो. त्यासाठी बायनरी (मजकूर नसलेले, यंत्रालाच कळणारे) स्वरूप किंवा एसक्यूलाइट हा एका फायलीत मावणारा डेटाबेस घ्यावा.

शून्यांश
मोठी फाईल सॅक्स या दुसऱ्या पद्धतीने टप्प्याटप्प्याने वाचता येते, त्यामुळे मेमरीचे कारण मला निर्णायक वाटत नाही. माझा आक्षेप संख्यांपुरता आहे, आणि स्कीमा सक्तीचा नसलेल्या प्रकल्पात तो कायम राहील.