मदत हवी आहे: 'कोच'ला मराठीत काय लिहू?

नमस्कार मंडळी,

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातली काही जोडपी उन्हाळ्यात मुलांकडे इंग्लंड-अमेरिकेला जाणार आहेत. त्यांच्यासाठी प्रवासाची माहिती मराठीत लिहितेय आणि 'कोच' या शब्दापाशी अडलेय.

इंग्लंडात गावातल्या गावात फिरते ती बस, आणि लंडनहून दुसऱ्या शहरी जाते ती कोच. लंडनचं व्हिक्टोरिया रेल्वे स्टेशन वेगळं आणि तिथून काही मिनिटांवरचं व्हिक्टोरिया कोच स्टेशन वेगळं. आपल्याला कोच म्हटलं की एस-४, बी-२ आठवतात. सत्तरीतलं माणूस बॅगा ओढत नेमकं रेल्वेच्या फलाटावर जाऊन उभं राहील, याची मला खरी काळजी वाटते. बरं, 'कोच म्हणजे बस' असं ठोकून लिहावं, तर तिथल्या रेल्वेच्या आरक्षणावर 'कोच सी' छापलेलं असतं. तिथे अर्थ डबाच!

अमेरिकेत आणखी तिसरंच. विमानातला कोच म्हणजे साधा, स्वस्त वर्ग. अ‍ॅमट्रॅक या तिथल्या रेल्वे कंपनीच्या गाड्यांतही साध्या बैठ्या वर्गाला कोचच म्हणतात.

हंगेरीत कोच नावाचं गाव आहे. पंधराव्या शतकात तिथे बनणाऱ्या घोडागाडीवरून हा शब्द युरोपभर गेला, हे वाचून फार आनंद झाला. परीक्षेतून पार नेणाऱ्या शिकवणीवाल्याला ऑक्सफर्डचे विद्यार्थी १८३०च्या सुमारास कोच म्हणू लागले, तिथून तो खेळाच्या मैदानावर आला. त्यात देवनागरीत नुसतं 'कोच' लिहिलं, तर आमच्या पिढीला आधी दिवाणखान्यातला बसायचा कोच दिसतो.

आता प्रश्न. लांब पल्ल्याच्या बसला 'ट्रॅव्हल्स' लिहू का? 'रात्रीच्या ट्रॅव्हल्सने आलो' असं आपण सर्रास म्हणतो, अर्थ चटकन कळेल. पण तिथल्या पाटीवर तो शब्द सापडणार नाही. म्हणून 'कोच, म्हणजे आपली ट्रॅव्हल्स' असं प्रत्येक ठिकाणी लिहावं आणि रेल्वेसाठी फक्त 'डबा' ठेवावा, असं मनात आहे. याहून सुटसुटीत काही सुचतं का?

इंग्लंडात राहणाऱ्यांनी एवढं जरूर सांगा: तुमचे आईवडील हीथ्रोवर उतरून एकटे कोचने आले असतील, तर नेमके कुठे गोंधळले? विमानतळावरच्या पाट्यांवर काय लिहिलेलं असतं? कुणाकडे फोटो असेल तर इथे टाका, मी तो पानात छापीन.