केशवराव भोसले नाट्यगृह पुन्हा बांधले जाईल. पण ते चालवण्याचा खर्च कोणी सोसायचा? टोपणनावांनी लिहिणाऱ्या तिघांची ही चर्चा.

तिसरी घंटा

कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळाले. दुसऱ्या दिवशी या गायक-नटाची, केशवरावांची, जयंती होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१३ ते १९१५ या काळात 'पॅलेस थिएटर' म्हणून उभारलेली, खासबाग कुस्ती मैदानाला लागून असलेली ही वास्तू पुन्हा उभी राहावी याविषयी कोल्हापुरात दुमत नव्हते आणि राज्य शासनाने त्यासाठी निधीही जाहीर केला. माझा मुद्दा त्यापुढचा आहे. बांधकामाला पैसा एकदा लागतो, नाट्यगृहाला मात्र तो रोज लागतो, आणि आपल्या महापालिकांच्या अंदाजपत्रकात नेमकी हीच दुसरी बाब कायम उपाशी राहते, कारण बांधकामाला कोनशिला बसवता येते, वातानुकूलन यंत्राच्या दुरुस्तीला नाही. म्हणून कोल्हापूर महापालिकेने या वास्तूसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष, म्हणजे जमाखर्चाचे वेगळे खाते, ठेवावे, तिचे भाडे तिच्यावरच खर्च करावे आणि हौशी संस्थांना सवलतीच्या दराने तारखा द्याव्यात, असे मला वाटते. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत सांस्कृतिक कार्याचे संवर्धन हे नागरी संस्थांचे एक काम म्हणून नोंदलेले आहे, त्यामुळे हा उपकाराचा विषय नाही.

घरपट्टीधारक

अनुसूचीतील कामे राज्य शासन कायद्याने सोपवू शकते, एवढाच तिचा अर्थ आहे; ती सोपवताना पैसाही द्यावा, असे बंधन त्यात नाही. महापालिका कायदा आवश्यक आणि ऐच्छिक कर्तव्ये वेगळी करतो ते उगीच नव्हे. जकात गेली, स्थानिक संस्था कर गेला, आणि वस्तू व सेवा कर आल्यापासून महापालिका राज्याकडून येणाऱ्या भरपाईच्या रकमेकडे डोळे लावून बसते. काळम्मावाडी धरणातून पाणी आणणाऱ्या थेट पाइपलाइनची ज्या शहराने वर्षानुवर्षे वाट पाहिली आणि ज्याचे सांडपाणी अजून पंचगंगेला छळते आहे, त्या शहराने नाटकाच्या तिकिटाला अनुदान का द्यावे? शाहू महाराजांचे नाव घेतले की प्रश्न विचारणेच अवघड होते. परंतु तो राजाश्रय होता आणि हा माझा कर आहे.

तिसरी घंटा

संस्थानाचा खजिना रयतेच्या शेतसाऱ्यातूनच भरत असे, तेव्हा हा भेद वाटतो तेवढा मोठा नाही. शिवाय त्याच राजाने राधानगरीचे धरणही हाती घेतले होते. पाणी की नाटक, असा पेच त्यांनी स्वतःपुढे घातलेला दिसत नाही.

घरपट्टीधारक

मग संस्थांनी चालवावे. पुण्याचे भरत नाट्य मंदिर संस्थेचेच आहे. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात सत्तरच्या दशकात प्रायोगिक रंगभूमी बहरली, तीही महापालिकेच्या नाट्यगृहावाचून.

विंगेतला माणूस

छबिलदासचे उदाहरण अर्धेच दिले गेले आहे. तिथून बाहेर पडावे लागल्यावर 'आविष्कार' या प्रायोगिक नाट्यसंस्थेने पुढची अनेक वर्षे माहीमच्या महापालिका शाळेत काम केले. म्हणजे प्रायोगिक नाटकाला पुन्हा आधार मिळाला तो पालिकेच्याच छपराचा.

मी प्रकाशयोजना करतो, म्हणून एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या हौशी संघाला प्रयोगाआधी रंगमंचावर निदान एक रंगीत तालीम हवी असते, परंतु बहुतेक ठिकाणी तिचे भाडे प्रयोगाच्या भाड्याच्या आसपास जाते आणि तिकीटविक्री मात्र शून्य असते. त्यामुळे दिवे कुठे पडणार हे नटांना प्रयोगाच्या दिवशी दुपारी कळते. (परीक्षक नंतर लिहितात की प्रकाशयोजना गोंधळलेली होती.) ज्या दिवशी नाट्यगृह रिकामेच असते, त्या दिवशी सकाळचे सत्र नाममात्र भाड्याने दिल्यास पालिकेला वीज आणि एक कर्मचारी, एवढाच बोजा पडेल. मात्र अनुदान असले म्हणजे सारे ठीक होते, असेही नाही. एका शहरात आमची चार महिने आधी भाडे भरून घेतलेली तारीख एका पक्षाच्या मेळाव्यासाठी काढून घेतली गेली आणि भाडे परत मिळवण्यासाठी आम्ही पाच अर्ज केले. दुसरे म्हणजे पडदे, लाकडी रंगमंच, जुन्या तारा आणि तापलेले दिवे एकत्र असलेल्या जागेत विद्युत तपासणी हे ऐच्छिक कर्तव्य असू शकत नाही, हे तरी घरपट्टीधारकांनी मान्य करावे.

घरपट्टीधारक

तपासणीचा मुद्दा मान्य आहे, आणि रिकाम्या सकाळींना माझी हरकत नाही. माझी हरकत आहे ती आकडा न सांगता मागितल्या जाणाऱ्या अनुदानाला. वर्षात किती दिवस नाटक झाले, किती दिवस स्नेहसंमेलने आणि मेळावे झाले, भाडे किती जमले आणि दुरुस्तीवर किती गेले, हे पालिकेने दरवर्षी नाट्यगृहाच्या दारावर लावावे. तो फलक वाचून मी माझे मत ठरवीन.

तिसरी घंटा

फलकाची मागणी मी माझ्या मूळ मागणीत जोडून घेतो. परंतु स्वतंत्र लेखाशीर्ष नसेल तर त्या फलकावर लिहिण्याजोगा आकडाच निघणार नाही, कारण नाट्यगृहाचे भाडे पालिकेच्या सर्वसाधारण जमेत मिसळून जाईल. त्यामुळे आधी लेखाशीर्ष आणि मग फलक, एवढा क्रम आपण स्वीकारावा.

घरपट्टीधारक

एका वर्षापुरता स्वीकारतो.