भिंतीतील लपलेली गळती : फरश्या फोडण्यापूर्वी जागा कशी निश्चित करावी?

प्रश्न

नमस्कार. आमची सदनिका ठाण्यात, १९९८ साली बांधलेल्या सात मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. बाथरूमला लागून असलेल्या बेडरूमच्या भिंतीला जमिनीपासून साधारण दोन फुटांपर्यंत ओल आली असून रंगाचे पोपडे सुटले आहेत आणि त्याखाली पांढरे क्षार फुटले आहेत. खालच्या मजल्यावरील काकूंच्या बाथरूमच्या छतातूनही जानेवारीपासून थेंब पडत आहेत, त्यामुळे हे पावसाचे पाणी नाही एवढे नक्की. भिंतीतले पाइप मूळचे जीआयचे (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचे) आहेत. पाच वर्षांपूर्वी गिझरची जागा बदलली तेव्हा तेवढाच भाग सीपीव्हीसीचा (गरम पाण्याला चालणाऱ्या प्लॅस्टिकचा) केला. सदनिकेला पाण्याचे स्वतंत्र मीटर नाही.

दोन प्लंबर पाहून गेले. संपूर्ण बाथरूम फोडून नवीन करावे असे एकाचे म्हणणे आहे, तर फरश्यांच्या सांध्यांत रसायन भरले की काम भागेल असे दुसऱ्याचे. घरात हे एकच बाथरूम आहे आणि आई ८१ वर्षांची आहे, म्हणून तोडफोड करावी लागलीच तर ती नेमक्या जागी व्हावी अशी इच्छा आहे. गळती कोठे आहे हे आधी ठरवता येते का?

उत्तर १ (निवृत्त बांधकाम अभियंता)

ठरवता येते, आणि ठरवल्याशिवाय छिन्नी लावू देऊ नये. सर्वांत आधी शोधायचे ते गळतीचे ठिकाण नव्हे, तर गळणारे पाणी कोणते आहे हे. टाकीकडून येणाऱ्या पाइपमध्ये चोवीस तास दाब असतो, त्यामुळे तो गळत असेल तर कोणी नळ उघडो वा न उघडो, थेंब पडतच राहतात. याउलट नहाणी ट्रॅप (बाथरूमच्या जमिनीतील जाळीखालचे सांडपाण्याचे भांडे), कमोडचा सांधा किंवा फरशीखालचे वॉटरप्रूफिंग यांतून होणारी गळती वापरावर अवलंबून असते. अंघोळी आटोपल्यावर ती वाढते आणि घर बंद असताना कमी होत जाते. काकूंना थेंबांच्या वेळा आठवडाभर लिहून ठेवायला सांगा.

येथे एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. जुन्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असतो आणि त्या खोलगट भागात विटांचे तुकडे व कोबा भरलेला असतो. हा भराव पाणी शोषून ठेवतो, म्हणून मूळ गळती थांबली तरी खालचे थेंब चार-पाच दिवस, कधी त्याहूनही अधिक काळ चालू राहतात. रात्रभर व्हॉल्व्ह बंद ठेवून, सकाळी थेंब पडत आहेत एवढ्यावरून पाइपला निर्दोष ठरवणे ही मी सर्वाधिक वेळा पाहिलेली चूक आहे.

गळक्या पाण्याचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) मोजून काही जण निष्कर्ष काढतात, पण काँक्रीटमधून झिरपताना पाणी क्षार घेऊन येते, त्यामुळे त्या आकड्यावर मी विसंबणार नाही. थर्मल कॅमेराही पाणी पाहत नाही, तो फक्त पृष्ठभागाच्या तापमानातला फरक दाखवतो. गरम पाण्याच्या लाइनसाठी तो उपयोगी पडतो. थंड पाण्याच्या बाबतीत, विशेषतः चकचकीत टाइल्सवर, फसवू शकतो.

उत्तर २ (प्लंबिंग ठेकेदार)

वरील मताशी सहमत आहे. प्रत्यक्ष चाचणी अशी करतात : डक्टमधला (इमारतीचे उभे पाइप जातात त्या मोकळ्या जागेतला) आपल्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करायचा, गिझर वीजपुरवठ्यापासून तोडून काढायचा आणि त्याच्या इनलेट व आउटलेटच्या तोंडांना एक कनेक्शन पाइप जोडायचा, म्हणजे थंड व गरम दोन्ही लाइन एक होतात. मग एका नळाच्या जागी हँडपंप आणि गेज (दाब दाखवणारा काटा) बसवून दाब चढवायचा. टाकी आपल्यापेक्षा चार-पाच मजले वर आहे, म्हणजे लाइनवर रोजचा दाब जेमतेम दीड किलो (दर चौरस सेंटिमीटरला) असेल. चाचणीला चार-पाच किलो पुरेसे आहेत. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या जीआयवर त्याहून जास्त दाब देऊ नये, कारण गंजलेला पण अजून टिकून असलेला सांधाही त्यात सुटू शकतो. अर्धा तास काटा स्थिर राहिला तर लाइन चांगली. काटा उतरला तर मधला पाइप काढून दोन्ही लाइन वेगवेगळ्या तपासायच्या. त्या वेळी वॉल मिक्सरकडेही (थंड व गरम पाणी एकत्र करणाऱ्या भिंतीवरील नळाकडेही) लक्ष हवे, कारण त्याच्या आतून थंड पाणी गरम लाइनमध्ये जात असेल तर दोन्हींचा निकाल चुकतो. मिक्सर काढून तेथे प्लग लावणे उत्तम.

दोन्ही लाइन घट्ट निघाल्या तरच फरशीकडे वळावे. नहाणी ट्रॅप कापडाने वा प्लगने बंद करून इंचभर पाणी २४ ते ४८ तास साठवावे आणि भिंतीवर पातळीची खूण करावी. खाण्याचा रंग पाण्यात टाकला तर खाली तो उतरण्यास वेळ लागतो, धीर धरावा.

उत्तर ३ (एक सदनिकाधारक, डोंबिवली)

सांध्यांत रसायन भरण्याविषयी माझा अनुभव सांगतो. आमच्याकडे ते दोनदा केले. पहिल्या वेळी चार महिने आणि दुसऱ्या वेळी जेमतेम एक पावसाळा आराम मिळाला, कारण मूळ दोष नहाणी ट्रॅपच्या सांध्यात होता आणि वरचे सांधे कितीही भरले तरी ट्रॅपभोवतीचे पाणी स्लॅबमध्ये उतरतच राहिले. टाइल्सचे सांधे खरोखर उघडे पडले असतील तेथे इपॉक्सी ग्राउट (सांधे भरण्याचे रसायन) चांगले काम करते, परंतु पाइपच्या गळतीवर तो उपाय नव्हे.

खर्च कोणी करायचा हेही आधीच पाहून घ्या. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरील सामाईक पाइप आणि ड्रेनेज लाइनची गळती संस्थेने दुरुस्त करायची असते, तर सदनिकेतील संडास, सिंक इत्यादींमुळे होणारी गळती सदस्याने. सेक्रेटरींना लेखी कळवून चाचणीच्या वेळी बोलावून घ्या, आणि काकूंनाही सर्व दाखवा. त्यांचे छत गळत आहे. आपण हालचाल करत आहात हे त्यांना दिसणे आवश्यक आहे.

प्रश्नकर्ता (बारा दिवसांनंतर)

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. काकूंच्या नोंदीनुसार थेंब रात्री तीन वाजताही तितकेच पडत होते. हँडपंपाने चार किलो दाब दिला, तो पंधरा मिनिटांत अडीचवर आला. लाइन वेगळ्या केल्यावर थंड लाइन स्थिर राहिली आणि गरम लाइन उतरली. मग गिझर परत जोडून गरम पाणी वीस मिनिटे सोडले आणि टाइल्सवर तळहात फिरवला, तेव्हा मिक्सरच्या डावीकडे, खालून दुसऱ्या ओळीतील टाइल पाइपच्या मार्गापासून बाजूलाही कोमट लागली. तेथील तीनच टाइल्स काढल्या. जुना जीआय आणि नवा सीपीव्हीसी जेथे जोडला होता त्या प्लॅस्टिकच्या आट्यांना केसासारखी चीर गेली होती. काकूंकडील थेंब सहाव्या दिवशी थांबले. संपूर्ण बाथरूम फोडले असते तर आईला महिनाभर दुसरीकडे ठेवावे लागले असते.

आता बेडरूमची भिंत लगेच रंगवावी का?

उत्तर २ (प्लंबिंग ठेकेदार)

प्लॅस्टिकच्या आट्यांत जीआयचा पाइप आवळला की ही चीर जाते, आणि गरम पाण्याने पाइप ताणतो व आखडतो तेव्हा ती वाढत जाते. तेथे पितळी आट्यांचाच जोड बसवला आहे ना, हे पाहून घ्या. उरलेली गरम लाइनही जुन्या जीआयची आहे, म्हणून पुढच्या दुरुस्तीच्या वेळी ती सीपीव्हीसीचीच करा. गिझरच्या लाइनला साधा यूपीव्हीसी (थंड पाण्याचा प्लॅस्टिक पाइप) चालत नाही. पाइपसाठी भिंतीत फोडलेली झिरी बुजवण्यापूर्वी पुन्हा एकदा दाब देऊन रात्रभर ठेवा.

भिंत मात्र आता रंगवू नका. सुटलेला गिलावा खरवडून काढा, क्षार कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका, आणि किमान पावसाळ्यापर्यंत भिंत उघडी ठेवून खिडकीतून वारा खेळू द्या. नंतर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर लावून दोन दिवस ठेवा. त्याच्या आतल्या बाजूला दव जमले तर भिंत अजून ओली आहे.