दर मंगळवारी भेटायलाच हवं का? (रोटरी, मिटिंगा आणि खरं काम)

चौथं_टेबल

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावातल्या एका रोटरी क्लबात (वेगवेगळ्या धंदा-व्यवसायातल्या लोकांची सेवा संस्था) गेली ११ वर्षं आहे, क्लबचं नाव विचारू नका, गावात राहायचंय. विषय असा की पुढच्या मंगळवारी आमच्याकडे मतदान आहे, आठवड्याची मिटिंग बंद करून महिन्यातून दोनच घ्यायच्या का. नियमात बसतं, २०१६ च्या कौन्सिलपासून (रोटरीचे नियम ठरवणारी सभा) रोटरीनेच क्लबांना मोकळीक दिलीय, महिन्याला किमान दोन झाल्या तरी चालतं. त्याआधी दर आठवड्याला यायचंच, सहामाहीत निदान निम्मी हजेरी नाही, किंवा लागोपाठ चार चुकल्या, तर सभासदत्व जाऊ शकायचं. मिटिंग बुडली की दुसऱ्या गावच्या क्लबात जाऊन मेकअप करायचा (तोंडाला लावायचा नव्हे, हजेरी भरून काढायचा!)

माझं मत दोन मिटिंगा. कारण सांगतो. साडेआठची वेळ, सुरू होते नऊ वाजून गेल्यावर. प्रेसिडेंट गळ्यात कॉलर घालून घंटा मारतात, मग फोर वे टेस्ट (रोटरीचे चार प्रश्न, सगळ्यांनी म्हणायचे), मग या आठवड्यातले वाढदिवस आणि लग्नाचे वाढदिवस, मग सार्जंट ॲट आर्म्स (शिस्त बघणारा मेंबर) कोणाचा टाय नाही कोणाचा फोन वाजला म्हणून फाइन गोळा करतो, मग सेक्रेटरीच्या सूचना, मग स्पीकरची ओळख (स्पीकरपेक्षा ओळख करून देणारा जास्त बोलतो), मग स्पीकर, मग आभार, मग मोमेंटो, फोटो, जनगणमन, आणि मग जेवण ज्याला फेलोशिप म्हणायचं. या सगळ्यात प्रोजेक्टवर बोलणं किती, तर दहा मिनिटं, तेही ताट वाढून झाल्यावर.

एक हिशोब केला. साधारण ३५ जण येतात, २५० रुपये ताट, वर्षाच्या ४८ मिटिंगा धरा. ४,२०,००० रुपये. आणि जूनमधे ड्यूज (वर्गणी) भरा म्हणलं की हेच लोक पंधरा दिवस फोन उचलत नाहीत.

तुम्हाला काय वाटतं? कुठल्याही सेवा संस्थेत असाल तर लिहा, लायन्स, जेसीज, मंडळ, काहीही.

तिरपा_टांगा

मला वाटतं की तुम्ही उगाच सेवा वगैरे शब्द वापरताय. बँकवाले, बिल्डर, डॉक्टर, सीए यांची ही भिशी आहे, फक्त भिशीत निदान एकदा तरी पैसे आपल्याला लागतात. शंभर रुपयांच्या वह्या आणि हजाराचा बॅनर.

उन्हाळी_आमरस

@तिरपा_टांगा हे तुमचं दरवेळचंच. पोलिओचं काय मग? रोटरीने १९८५ ला पोलिओप्लस सुरू केलं, २००९ मधे आपल्या देशात ७४१ केसेस होत्या, २०१० मधे ४२, आणि शेवटची १३ जानेवारी २०११ ला हावड्याची ती लहान मुलगी. २७ मार्च २०१४ ला प्रमाणपत्र मिळालं. सरकार, युनिसेफ, जागतिक आरोग्य संघटना, आशाताई सगळे होतेच, पण पैसा आणि माणसं यांत रोटरीचा वाटा मोठा आहे, भिशीवाल्यांनी केलं म्हणून ते कमी होत नाही.

तिरपा_टांगा

पोलिओ जाऊन इतकी वर्षं झाली, अजून किती दिवस त्याच चेकवर जेवणार.

निवृत्त_स्टेथो

चौथं टेबल, तुमच्या उलट मत आहे, जरा लांब लिहितो, टायपिंग हळू आहे सांभाळून घ्या.

मी पीपी (पास्ट प्रेसिडेंट) आहे, माझं वर्ष होऊन बराच काळ लोटला. पल्स पोलिओच्या वेळची गोष्ट सांगतो. रविवारी बूथ, पाच वर्षांखालचं मूल आलं की दोन थेंब आणि डाव्या करंगळीला शाई. हे सोपं होतं. अवघड होतं सोमवारपासूनचं घरोघर फिरणं. सगळी मुलं झाली त्या दारावर खडूने पी, राहिलं असेल तर एक्स. आता एक्सची घरं कुठली? वीटभट्टीवरची आणि ऊसतोडीच्या टोळ्यांची. टोळी आज इथे उद्या दुसऱ्या फडात, आई पहाटे बाहेर पडलेली, भट्टीवर गेलं की मुकादम हाकलायचा. आम्ही दोन वेळा परत आलो. आणि मंगळवारच्या मिटिंगला माझ्या शेजारी कोण बसायचं? तीन भट्ट्यांचा मालक. त्याच्याशी एरवी माझा संबंध शून्य, पेशंटसुद्धा नव्हता तो. डाळ वाढून घेता घेता मी तक्रार केली, त्याने तिथूनच मुकादमाला निरोप धाडला आणि बुधवारी सकाळी आम्ही गेलो तर पोरं रांगेत उभी.

ही गोष्ट बोर्ड मिटिंगच्या अजेंड्यावर कधीच आली नसती. रोटरीत मुळात वेगवेगळ्या धंद्याचा माणूस घ्यायचा तो याच्याचसाठी, आणि तो माणूस दर आठवड्याला शेजारी बसल्याशिवाय त्याला काही सांगावंसं वाटत नाही. महिन्यातून दोनदा म्हणजे एक बुडाली की माणूस महिनाभर दिसत नाही, आणि एक बुडतेच. ते ४,२०,००० तुम्ही वाचवाल असं वाटतं का? ते आपापल्या घरी जेवतील आणि पैसे खिशात राहतील. प्रोजेक्टला एक रुपया जास्त येणार नाही.

चौथं_टेबल

डॉक्टरसाहेब, वीटभट्टीचं पटलं. पण तुमच्या काळी निरोप द्यायला भेटावंच लागायचं. आज ग्रुप आहे.

रोट्रॅक्ट_वाला

+१ ग्रुपवर पाच मिनिटात ठरतं सगळं. मागच्या महिन्यात टेकडीवर झाडं लावायची होती, मेसेज टाकला, ४२ जणांनी अंगठा दिला.

पाऊण_इंची

आणि आले किती?

रोट्रॅक्ट_वाला

सहा. पण पाऊस होता त्या दिवशी.

पाऊण_इंची

झाडं लावायला गेलात आणि पावसाची तक्रार 😀

इंद्रायणी_भात

मी डॉक्टरकाकांशी सहमत नाही, आणि आदर ठेवूनच लिहितेय. शेजारी बसून कामं होतात हे खरं, पण शेजारी बसायला कोणाला जमतं ते बघा ना. रात्री साडेआठ ते अकरा दर मंगळवारी ज्याला जमतं त्याच्या घरी पोरांचा अभ्यास, सासऱ्यांची गोळी आणि उद्याच्या डब्याची भाजी दुसरं कोणीतरी बघत असतं. मी सीए आहे, क्लबची मेंबर आहे स्वतःच्या नावावर, तरी तीन वर्षं मला ‘ॲन’ म्हणूनच स्टेजवर बोलवत होते, म्हणजे अमक्या रोटेरियनची बायको. मी सांगितलं की बाबांनो माझा नवरा मेंबर नाहीये, तो घरी पोळ्या गरम करतोय. सगळे हसले, पुढच्या वेळी परत ॲन.

बायकांना मेंबर करून घ्यायला रोटरीला १९८९ उजाडलं, तेही अमेरिकेतल्या दुआर्तेच्या क्लबची केस तिथल्या सुप्रीम कोर्टात गेल्यावर (१९८७). म्हणजे ८४ वर्षं पुरुषांच्या सोयीची वेळ होती, ती तशीच राहिली. सॅनिटरी पॅडचा प्रोजेक्ट आम्ही पाच जणींनी केला, आश्रमशाळेत जाऊन मुलींशी बोललो, आमच्या हजेऱ्या बघितल्या तर पाचही जणी डिफॉल्टर. ज्यांची हजेरी १०० टक्के त्यांना इन्स्टॉलेशनला (नव्या प्रेसिडेंटच्या पदग्रहणाला) सर्टिफिकेट.

माझं मत दोनच्या बाजूने. आणि त्यातली एक सकाळी.

निवृत्त_स्टेथो

ताई, ॲनचं तुम्ही म्हणता ते लाजिरवाणं आहे, आमच्याकडेही चालायचं आणि मीही म्हणलेलो आहे. वेळ बदला हे मान्य. पण वेळ चुकीची म्हणून मिटिंगच निम्मी करायची हे औषध मला पटत नाही, डोस कमी केला म्हणजे चुकीचं औषध बरोबर होत नाही.

घाटावरचा_लायन

आमच्या क्लबात पहिल्यापासून महिन्यातून दोनच. काही अडत नाही. डोळ्यांची शिबिरं व्यवस्थित होतात. १९२५ ला हेलन केलरबाईंनी लायन्सच्या अधिवेशनात सांगितलं अंधांसाठी उभे राहा, तेव्हापासून आमचं काम ठरलेलंय. मिटिंगा किती यापेक्षा एक काम धरून ठेवणं महत्त्वाचं, तुमच्याकडे दर १ जुलैला नवा प्रेसिडेंट, मागच्या वर्षीचं काम अनाथ.

उन्हाळी_आमरस

@घाटावरचा_लायन, प्रेसिडेंट तर तुमचेही दरवर्षी बदलतात हो 🙂

माझा अनुभव मात्र डॉक्टरांच्या बाजूचा. मी रक्तपेढीत टेक्निशियन होतो. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, नेत्यांचे वाढदिवस, डॉक्टर्स डे (१ जुलै, म्हणजे नव्या प्रेसिडेंटचा पहिला दिवस, त्या दिवशी कॅम्प नाही केला तर पाप लागतं) या तारखांना एकेका गावात तीन तीन कॅम्प. पिशव्या ठेवायला जागा नाही. लाल पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट पाचच दिवस. पुरुषाने एकदा दिलं की तीन महिने देता येत नाही, बाईने चार महिने. म्हणजे गावाने सगळं रक्त एका दिवशी दिलं की पुढे गाव कोरडं. आणि एप्रिल मे मधे कॉलेजं बंद, लोक गावाला, थॅलेसेमियाची पोरं मात्र दर दोन तीन आठवड्यांनी येणारच, त्यांना सुट्टी नाही.

एका क्लबने मला स्पीकर म्हणून बोलवलं, वीस मिनिटं हेच सांगितलं. टाळ्या, मोमेंटो, घरी. काही झालं नाही. पण तिथला एक मेंबर म्हणाला परत या, जेवायला या नुसते. तीन चार मंगळवार गेलो. चौथ्या वेळी त्यांनीच विचारलं की मग जुलैचा कॅम्प मे मधे नेऊ का. नेला. अजून तो मे मधेच होतो. एका भाषणात हे झालं नसतं, माणसाला तेच तेच चार वेळा ऐकावं लागतं.

तिरपा_टांगा

म्हणजे चार जेवणांनंतर कळलं. ग्रेट.

उन्हाळी_आमरस

हो, चार जेवणांनंतर का होईना कळलं. तुम्ही कधी रक्त दिलंय का?

तिरपा_टांगा

दिलंय की, १४ वेळा. म्हणून तर चिडतो.

झेडपी_मास्तर

धागा सुरुवातीपासून वाचतोय. तुम्ही सगळे देणारे, मी घेणाऱ्या बाजूचा आहे, जिल्हा परिषद शाळा, ६३ पटसंख्या, दोन शिक्षक. वाईट वाटून घेऊ नका.

आमच्या शाळेला तीन वेगवेगळ्या संस्थांकडून तीन वॉटर फिल्टर आले. तिन्ही चालू नाहीत, कॅन्डल कोणी बदलायची हे कोणी सांगितलं नाही आणि शाळेला त्याचं अनुदान नाही. हात धुवायचं स्टेशन आहे, सहा नळ, वर संगमरवरी पाटी, सौजन्य अमुक. उद्घाटनाला पाणी आलं कारण टँकर बोलावला होता. आता चार नळ गळतात म्हणून आम्ही मेन कॉकच बंद ठेवलाय. जूनमधे वह्या येतात त्या मात्र येतात, कधी कधी दोनदा, दुसऱ्यांदा आल्या की मुलांना परत रांगेत उभं करून फोटो.

तुमची मिटिंग आठवड्याला होवो नाहीतर महिन्याला, ती हॉटेलच्या हॉलमधे आहे तोपर्यंत आम्हाला काय फरक? एकच माणूस दर महिन्याला शाळेत आला, नुसता आला, वही पण नको, तर पुष्कळ.

चौथं_टेबल

मास्तर, हे वाचून दुपारभर काही लिहिता आलं नाही. आमचंही एक हँडवॉश स्टेशन आहे, कुठल्या शाळेत ते मला आठवत होतं, चालू आहे का ते आठवेना. मागच्या सेक्रेटरीला फोन केला, त्यालाही माहीत नाही. त्याच्याकडे फोटो आहेत.

एक मात्र सुचलं. रोटरी हे नावच कशावरून पडलं, तर १९०५ मधे शिकागोत पॉल हॅरिस आणि आणखी तिघे भेटले तेव्हा मिटिंग एकेकाच्या ऑफिसात आळीपाळीने व्हायची, फिरती, म्हणून रोटरी. आम्ही ती एका हॉटेलात नेऊन बसवली आणि हॉलवाल्याशी वर्षाचा करार करून टाकला. मग मंगळवारी दोन मिटिंगांऐवजी असा ठराव मांडला तर, की चार ठेवा पण दोन हॉलमधे आणि दोन आपण आधी जिथे काहीतरी करून आलोय तिथे? बॅनर नाही, कॉलर नाही.

निवृत्त_स्टेथो

मांडा. माझा पाठिंबा. फक्त जेवण बंद करू नका, माणसं येणार नाहीत, हे मी अनुभवाने सांगतो.

इंद्रायणी_भात

परत चारच! वरचं सगळं वाचून निघालं काय तर चार. शाळेतली मिटिंग सकाळी असेल तर मी येईन, पण तिथे चहा कोण करणार हे आत्ताच ठरवा, कारण ते कोण करतं मला माहितीये.

घाटावरचा_लायन

व्यवहाराचं बोलू. एका वर्षात २४ जागी जाणार? तुमचे जुने प्रोजेक्ट तरी २४ आहेत का चालू?

चौथं_टेबल

यादीत ७० च्या वर आहेत. चालू किती ते बघायलाच जायचंय ना. ताई, चहाचं प्रेसिडेंटकडे दिलं, खरंच.

तिरपा_टांगा

ठराव नापास होणार, लिहून ठेवा. हॉलवाला मेंबर असेल तुमचा.

चौथं_टेबल

आहे 😐

पाऊण_इंची

ते मतदान बितदान चालू द्या, @झेडपी_मास्तर माझं हार्डवेअरचं दुकान आहे, तुमचं गाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. नळ पितळी आहेत की प्लास्टिकचे, आणि माप काय, अर्धा इंच का पाऊण?

झेडपी_मास्तर

प्लास्टिकचे. अर्धा बहुतेक, उद्या मोजून सांगतो. शनिवारी सकाळची शाळा असते, साडेदहानंतर मी मोकळा. आणि खरंच वह्या आणू नका.